शिष्यत्व म्हणजे रोज नेमकं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासात, तरुण संघात, उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरांत अध्याय-ओवी दिली आहे ती मुद्दाम. पटलं नाही तर तो उतारा स्वतः उघडून पाहावा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट रीत जिथं वेगळी आहे तिथं तसं सांगितलं आहे.

ख्रिस्ती असणं आणि शिष्य असणं यांत फरक आहे का?

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, नाही. 'ख्रिस्ती' हा शब्द अख्ख्या नव्या करारात तीनदाच येतो: प्रेषितांची कृत्ये ११:२६, २६:२८ आणि १ पेत्र ४:१६. 'शिष्य' मात्र शुभवर्तमानं (येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं) आणि प्रेषितांची कृत्ये मिळून अडीचशेहून जास्त वेळा. त्यातलं ११:२६ नीट वाचा. अंत्युखिया शहरात शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा मिळालं. माणसं आधी शिष्य होती, नाव लोकांनी मागून ठेवलं. आपल्याकडे हे उलटं झालंय. नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच येतं, आणि शिष्यत्व हा काही उत्साही मंडळींचा जादा विषय समजला जातो, कॉलेजातल्या एनसीसीसारखा.

मूळ ग्रीक शब्द 'मथेतेस', म्हणजे शिकणारा. वर्गात बसून वही भरणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणू नका. सुताराच्या हाताखाली पोरगा राहतो, रंधा कसा धरायचा ते बघतो, लाकूड वाया घालवतो, बोलणी खातो आणि काही वर्षांनी त्याचा हात मिस्त्रीसारखा चालायला लागतो. ते चित्र जास्त जवळचं. मार्क ३:१४ मध्ये बारा जणांना का नेमलं ते दिलंय, आणि पहिलं कारण आहे 'त्यांनी त्याच्याबरोबर असावं'. पाठवणं त्यानंतर येतं.

मग हे आपल्या गुरू-शिष्य परंपरेसारखंच आहे का?

बरंचसं जुळतं. सहवासातून शिकणं, आज्ञा पाळणं, नुसत्या माहितीला किंमत नसणं हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, ते उगाच नाही.

पण दोन ठिकाणी वाट वेगळी होते. त्या काळचा यहुदी विद्यार्थी आपला रब्बी सहसा स्वतः शोधून काढत असे. इथं मात्र जाळी टाकत असलेल्या शिमोन आणि अंद्रियाला येशूनेच हाक मारली (मार्क १:१६-२०). दुसरं म्हणजे इथं शिष्य पुढे गादीवर बसत नाही. मत्तय २३:८ स्पष्ट आहे: तुमचा गुरू एकच, तुम्ही सगळे भाऊ. त्यामुळे पाळक, फादर, बायबल शिकवणाऱ्या ताई, सगळे शिष्यच, फार तर आपल्याआधी शाळेत आलेले. एखाद्या उपदेशकाला विचारल्याशिवाय घरात मुलीचं लग्न ठरत नसेल, नोकरी बदलता येत नसेल, तर त्या मंडळीत, म्हणजे त्या चर्चमध्ये, काहीतरी बिघडलंय हे ओळखावं.

'माझं जू आपल्यावर घ्या आणि माझ्यापासून शिका' (मत्तय ११:२९) हे शेतकरी घरातल्या माणसाला पटकन कळतं. नवा गोऱ्हा कामाला लावताना त्याला जुन्या, शांत बैलाच्या जोडीला जुंपतात. ओढ बरीचशी जुना बैल घेतो. गोऱ्ह्याने पावलाला पाऊल मिळवायचं आणि मध्येच बसकण मारायची नाही, एवढंच त्याचं पहिलं शिक्षण. जू नीट घडवलेलं नसेल तर मान सोलते. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू बनवत असे. मान कुठं सोलते हे त्याला ठाऊक असणार.

बाप्तिस्मा झाला, दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं. आता राहिलं काय?

मत्तय २८:१९-२० मध्ये मूळ भाषेत मुख्य क्रियापद 'शिष्य करा' हे आहे. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्याची अंगं. आणि शेवटचं अंगसुद्धा 'आज्ञा शिकवा' असं नाही, 'पाळायला शिकवा' असं आहे. पोहण्यावरचं पुस्तक वाचून दाखवणं वेगळं आणि विहिरीत उतरवणं वेगळं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी सरळ कबूल केलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. केडगावचं मुक्ती सदन, दुष्काळातून आणलेल्या मुली, हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका हे सगळं त्यानंतरच्या काळातलं आहे. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ. बाप्तिस्म्याविना शिष्य ही कल्पना आज कुठल्याही चर्च कमिटीपुढे मांडून पाहा, बैठक लांबेल. बाप्तिस्मा गौण आहे असा याचा अर्थ नाही. पाया भरल्यावर घर बांधायचं राहतं, एवढाच.

'आपला वधस्तंभ उचला' म्हणजे काय? माझा मधुमेह हाच माझा क्रूस, असं म्हणता येईल?

बोलण्यात आपण म्हणतो, पण लूक ९:२३ मध्ये ते नाही. रोमी राज्यात गुन्हेगाराला आडवं लाकूड खांद्यावर घेऊन वधाच्या जागेपर्यंत चालत जावं लागे. ते पाहिलेल्या माणसाला एकच गोष्ट कळे: हा आता स्वतःच्या मर्जीने कुठं जाणार नाही. मधुमेह, तापट सासू, पावसाळ्यात गळणारं छप्पर ही दुःखं खरी आहेत, पण ती ख्रिस्ताला न मानणाऱ्यालाही येतात. वधस्तंभ म्हणजे येशूचं ऐकलं म्हणून जे सोसावं लागतं आणि जे टाळता आलं असतं, ते. खोट्या बिलावर सही केली नाही म्हणून बढती गेली, तो क्रूस.

लूकच्या त्या वाक्यातला 'दररोज' हा शब्द मत्तय आणि मार्क यांच्यात नाही. रोजच्या जगण्याचा विचार करणाऱ्याला तोच सगळ्यात कामाचा.

आईबापांचा द्वेष करा, असं येशू कसं सांगतो?

लूक १४:२६ मधली ती सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरामी वळणाच्या, भाषेची धाटणी आहे. एकावर जास्त प्रेम, दुसऱ्यावर कमी, हे तिथं 'प्रेम-द्वेष' अशा जोडीने बोलतात. मत्तय १०:३७ मध्ये तोच विचार 'माझ्यापेक्षा जास्त प्रेम' असा येतो. आईबापांना टाकून 'सेवेला' जाणाऱ्यांनी मार्क ७:९-१३ जरूर वाचावं. देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांना द्यायला काही उरलं नाही, अशी सबब सांगणाऱ्यांना येशूने तिथं झाडलंय.

रोज किती वेळ द्यायचा आणि काय वाचायचं?

वीस मिनिटं पुरतात. दहा वाचन, पाच लिहिणं, पाच प्रार्थना. दोन तासांचा संकल्प नवीन वर्षाच्या उपासनेत सोडला जातो आणि संक्रांतीपर्यंत विरतो.

सुरुवात मार्कपासून करा. १६ अध्याय आहेत, दिवसाला एक. चारही शुभवर्तमानं मिळून ८९ अध्याय होतात, म्हणजे साधारण तीन महिने. त्यापुढे अख्खा नवा करार हवा असेल तर त्याचे अध्याय २६०. आठवड्याला पाच दिवस, ५२ आठवडे, हिशेब तंतोतंत बसतो आणि शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे मिळतात. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचता येतात.

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका वर्षात वाचायचं तर प्रोटेस्टंट बायबलचे १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीन ते चार. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असल्याने थोडे जास्त. बहुतेकांची गाडी कुठं अडते तेही ठरलेलं आहे. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय जानेवारीत संपतात आणि महिनाअखेरीला लेवीय येतं: यज्ञ, चरबी, कुष्ठाची परीक्षा. वाचक तिथं गळतो आणि 'बायबल आपल्या आवाक्यातलं नाही' असं ठरवून मोकळा होतो. चूक वाचकाची नाही, क्रमाची आहे. आधी शुभवर्तमान, मग स्तोत्रं, मग उत्पत्ती. इब्री लोकांस पत्र वाचून झाल्यावर लेवीय पुष्कळ सोपं जातं.

वाचलेलं दुपारपर्यंत विसरायला होतं.

मग कमी वाचा आणि लिहा. साधी दोनशे पानी वही घ्या. तारीख, उतारा आणि खाली चार ओळी: या उताऱ्यात देव किंवा येशू काय करतोय, माणसं काय करताहेत, मला न आवडलेलं किंवा न कळलेलं काय, आणि आज त्यातलं एक काय करायचं.

चौथी ओळ बहुतेक वेळा बिघडते. 'मी अधिक प्रेमळ व्हायला हवं' असं लिहिलं की काहीच होत नाही, कारण ते संध्याकाळी तपासता येत नाही. उदाहरण घेऊ. मत्तय ५:२३-२४ वाचलं: वेदीपाशी दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. चौथी ओळ अशी: 'बांधावरून अबोला आहे त्या चुलत्यांना आज जेवणानंतर फोन. जमिनीचा विषय काढायचा नाही. तब्येत विचारायची.' कोणाला, कधी, काय आणि काय नाही, एवढं त्या ओळीत असलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी नवीन उतारा काढण्याआधी त्या ओळीपुढे बरोबरची खूण किंवा फुली मारायची. फुल्या जास्त असतात. असू देत.

प्रार्थनेत शब्दच सुचत नाहीत. आणि एका खोलीच्या घरात एकांत कुठून आणायचा?

प्रभूची प्रार्थना आराखडा म्हणून वापरा. एकेका विनंतीवर थांबायचं आणि आपल्या शब्दांत एक वाक्य जोडायचं. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' इथं घरातल्या पैशांचं बोलायचं, 'आमची ऋणे आम्हाला सोड' इथं नाव घेऊन कबुली द्यायची. पाच मिनिटं सहज भरतात. तेही जड गेलं तर एक स्तोत्र मोठ्याने वाचणं हीसुद्धा प्रार्थनाच. १३ वं किंवा ४२ वं स्तोत्र घ्या, त्यांत तक्रारच आहे.

मत्तय ६:६ मधल्या 'खोली'साठीचा ग्रीक शब्द सामान ठेवायच्या कोठीला वापरत. गालीलातल्या गरीब घरांत वेगळी खोली कुठून असणार? लोकलच्या दाराजवळचा कोपरा, पाण्याचा नंबर लागेपर्यंतची दहा मिनिटं, गच्ची, सगळं चालतं. वेळ आणि जागा रोज तीच ठेवली की मन लवकर बसतं.

घरच्या प्रार्थनेला मुलं कंटाळतात. काय करावं?

बहुतेक वेळा ती लांब असते म्हणून. दहा मिनिटांची मर्यादा पाळा: एक गीत किंवा भजन, सहा ते दहा ओव्या, प्रत्येकाने एक वाक्य, प्रभूची प्रार्थना. जेवणाआधी ठेवली तर भुकेमुळे आपोआप आटोपशीर होते. वाचन मुलांकडे द्या, अडखळली तरी मध्ये तोंड घालू नका. कॅथलिक घरांत जपमाळ होते तिथं लहान मुलांना एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, पुरे.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा. 'हे प्रभू, आमच्या सोनूला अक्कल दे, त्याचा मोबाइल सुटू दे' ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते, आणि ते सोनूला बरोबर कळतं. बापाने आधी स्वतःची चूक कबूल करावी: 'आज मी आईवर ओरडलो, मला क्षमा कर.' ते एक वाक्य ऐकलेलं मूल विसरत नाही.

नोकरीधंद्यात हे कसं पाळायचं? सगळंच तर वाकड्या वाटेने चालतं.

'आम्ही काय करावं?' असं बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला लोकांनी विचारलं, तेव्हा त्याने कोणालाही अरण्यात बोलावलं नाही. जकातदाराला म्हणाला, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नकोस. शिपायांना म्हणाला, जुलूम करू नका, पगारात भागवा (लूक ३:१२-१४). ज्याचा जो धंदा, त्यातल्या नेमक्या पापावर बोट.

तसंच आपलं करावं. दुकानदाराने आधी वजनकाटा आणि कच्चं बिल बघावं. कारखान्यात दुसऱ्याची हजेरी लावणं, शाळेत स्वतःच्या शिकवणीतल्या पोरांना सढळ गुण, ऑफिसात औषधांची खोटी बिलं, ठेकेदाराकडे सिमेंटच्या पोत्यांचा आकडा. घरकाम करणाऱ्या मावशींचा खाडा कापताना आपण किती काटेकोर असतो आणि स्वतःच्या उशिराला किती उदार, हेही त्याच यादीत.

खोट्या कागदावर सही मागितली गेली तर प्रवचन देऊ नका. आवाज न चढवता एवढंच: 'साहेब, यावर मी सही करणार नाही. बाकीची फाइल आज पूर्ण करून देतो.' दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. आपल्या कामाची नोंद स्वतःजवळ ठेवा, कारण उद्या चूक शोधली जाईल. दानीएलच्या शत्रूंना त्याच्या कारभारात खोट सापडली नाही (दानीएल ६:४), म्हणून त्यांना त्याच्या प्रार्थनेवर घसरावं लागलं. प्रार्थना सभेमुळे रोज उशिरा येणाऱ्याची साक्ष ऑफिसात कोणी ऐकत नाही. नकाराची किंमत काय पडू शकते याचं गणित मात्र आधी घरी बसून मांडा, नवरा-बायको दोघांनी. बुरूज बांधणाऱ्याने आधी खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला (लूक १४:२८) शिष्यत्वाबद्दलच आहे.

दशांश दिलाच पाहिजे का? माझ्यावर कर्ज आहे.

जुन्या करारात दहावा भाग आहे. नव्या करारात मंडळ्यांना टक्केवारी घालून दिलेली नाही. पौल सांगतो ते असं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, आधीच बाजूला काढून ठेवा (१ करिंथ १६:२), आणि कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नका (२ करिंथ ९:७). दहावा भाग हे चांगलं माप आहे, पण ते तिकीट नाही.

समजा पगार २४,००० रुपये. दहावा भाग २,४००. पण हातउसने घेतलेल्या पैशांवर महिना ३ टक्के व्याज चालू असेल तर ते वर्षाला ३६ टक्के पडतं. ते फेडणं हीसुद्धा आज्ञाच आहे (रोम १३:८). अशा घराने २ टक्क्यांनी, म्हणजे ४८० रुपयांनी सुरुवात करावी आणि दर सहा महिन्यांनी एक टक्का वाढवावा. चार वर्षांत दहावर पोचता येतं. पगाराच्या दिवशीच पाकिटात काढून ठेवा. महिनाअखेरीला उरेल ते देऊ म्हणणाऱ्याकडे उरत नाही. चर्चला दिलेल्याची पावती घ्या, वार्षिक सभेत हिशेब विचारा. त्यात अविश्वास नाही, खुद्द पौलानेसुद्धा वर्गणी नेताना सोबत माणसं घेतली, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१).

'हजाराचं बी पेरा, दहा हजारांचं पीक घ्या' असं कोणी सांगितलं तर पाकीट खिशातच राहू द्या. जकातदार जक्कय आठवा (लूक १९:८). त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत केलं, परताव्याचं आश्वासन न मागता. आपल्यापैकी अनेकांना अर्पण पाकिटाआधी परतफेडीची यादी करावी लागेल: बहिणीचा दाबलेला हिस्सा, सोयरिकीत मागून घेतलेले दागिने, मित्राचे पाच हजार जे तो लाजेने मागत नाही.

क्षमा करायची म्हणजे पुन्हा मार खायला परत जायचं का?

नाही. हे ठळकपणे सांगायला हवं, कारण या एका मुद्द्यावर मंडळीत बायकांचं फार नुकसान झालंय. क्षमा म्हणजे सूड सोडणं. पुन्हा विश्वास ठेवणं हे समोरच्याच्या बदलावर अवलंबून असतं आणि त्याला वेळ लागतो. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांवरची हिंसा ही घरातली भांडणं नाहीत, गुन्हे आहेत. महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, तातडीची मदत ११२. आधी सुरक्षित जागा, मग प्रार्थना. 'प्रभूने सोसलं, तूही सोस' असं सांगणाऱ्याने रोम १३:४ वाचावं: वाईट करणाऱ्याला शिक्षा करायला सरकार आहे.

बाकी रोजच्या रुसव्याफुगव्यांसाठी मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या आहेत: एकट्याने जा, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे. आपल्याकडे पहिली पायरी वगळतात. गोष्ट आधी महिला मंडळात जाते, तिथून व्हॉट्सॲपवर, आणि ज्याची चूक त्याला शेवटी कळते.

मोबाइलबद्दल बायबलमध्ये काय असणार?

'खोटी साक्ष देऊ नको' आहे. बहुतेक प्रोटेस्टंटांच्या मोजणीत नववी आज्ञा, कॅथलिक मोजणीत आठवी. खात्री न करता पुढे ढकललेली बातमी तिच्याखाली येते, मग ती ख्रिस्ती छळाची का असेना. 'दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चमत्कार होईल' हा निव्वळ गंडादोरा आहे, फक्त वर क्रूसाचं चित्र.

चर्चमध्ये जात का चालते?

चालू नये, आणि चालते. लग्नाच्या जाहिरातीत दिसते, स्मशानभूमीत दिसते. नवीन कुटुंब आलं की चहा पिता पिता विचारलं जातं, 'मूळचे कोणते हो तुम्ही?' गाव विचारल्याचा आव असतो, पण उत्तरात गाव सांगितलं की समोरच्याचं समाधान होत नाही.

ही गोष्ट पहिल्या पिढीतच ताटावर आली होती. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमहून माणसं आली तसा तो पंगतीतून मागे सरला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं (गलती २:११-१४). प्रश्न तत्त्वाचा होता आणि पुरावा जेवणाचा. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोन्यांपैकी एका बाईच्या भांड्यातून येशूने पाणी मागितलं (योहान ४:७-९), यातला धक्का मराठी वाचकाला युरोपातल्या वाचकापेक्षा लवकर कळायला हवा.

तपासणीही तशीच ताटावरची करावी. गेल्या वर्षभरात आपण कोणाकोणाच्या घरी जेवलो, आपल्याकडे कोण जेवलं, याची यादी करा. गलती ३:२८ ('तुम्ही सगळे ख्रिस्तात एक') फ्रेम करून लावलेल्या घरातली ही यादी बऱ्याचदा एकाच समाजाची निघते. मग मुलामुलींच्या स्थळांबद्दल आपण मध्यस्थाला काय सांगून ठेवलंय ते आठवा. जातीची अट काढून टाका, आणि ती काढली हे त्याला शब्दांत कळवा. गप्प राहिलात तर तो अट आहे असंच धरून चालतो.

आजार प्रार्थनेने बरा झाला असं वाटलं तर गोळ्या बंद कराव्यात का?

करू नयेत. डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत एकही नाही. क्षयाचा कोर्स अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. इन्सुलिन, फिट्सच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). तीमथ्याच्या पोटदुखीवर पौलाने थोडा द्राक्षारस सुचवला, आणि दुसरा सोबती त्रफिम याला तर आजारी अवस्थेतच मिलेतात सोडून यावं लागलं (२ तीमथ्य ४:२०). त्यांचा विश्वास कमी होता असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही.

मला शिकवणारं कोणी नाही. एकट्याने होईल?

कठीण आहे. २ तीमथ्य २:२ मध्ये एका ओळीत चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ते ज्यांना शिकवतील ते. मोठा गट शोधू नका, तिघं पुरे. बायका बायकांबरोबर, पुरुष पुरुषांबरोबर. आठवड्यातून एकदा, सव्वा तास: पंधरा मिनिटं चहा आणि आठवड्याची हालहवाल, अर्धा तास वाचन, वीस मिनिटं वहीतली चौथी ओळ, दहा मिनिटं प्रार्थना. सहा महिन्यांनी थांबून पाहा, मग पुढे किंवा नवीन तिघं.

बिघडतं ते असं. एकच जण बोलतो. किंवा इथलं ऐकलेलं बाहेर जातं. किंवा उसनवारी सुरू होते आणि तिसऱ्या महिन्यात एक माणूस यायचा बंद होतो. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: गटात पैसे उसने नाहीत, ऐकलेलं बाहेर नाही. याला एकच अपवाद, कोणाच्या जिवाला किंवा मुलाला धोका असेल तेव्हा. अल्पवयीन मुलामुलींना कोणीही बंद खोलीत एकट्याने 'मार्गदर्शन' करू नये, तो कितीही नावाजलेला असो.

बायकांना शिष्य म्हटलंय का कुठं?

हो. प्रेषितांची कृत्ये ९:३६, यापोतली टबीथा. तिथं 'शिष्या' हाच शब्द आहे. ती मेली तेव्हा विधवांनी तिने शिवलेली वस्त्रं पेत्रापुढे मांडली. लूक ८:१-३ मध्ये मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आणि सूसन्ना येशूबरोबर गावोगाव फिरतात आणि स्वतःच्या पैशांतून सगळ्यांचा खर्च चालवतात.

घरात मी एकटीच ख्रिस्ताला मानते. सणावाराला काय करू?

आधी घरातली कामं नेहमीपेक्षा नीट करा. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, पण सौम्यतेने आणि आदराने, आणि विचारल्यावर. देव्हाऱ्यावर टीका करून आजवर कोणाचं मन वळलेलं नाही. पूजेत हात जोडायचे नसतील तर स्वयंपाकघरातलं काम अंगावर घ्या, पाहुण्यांचं बघा, पंगत वाढा. प्रसादाबद्दल १ करिंथ ८ ते १० आणि रोम १४ सलग वाचा. पौलाचं उत्तर एका वाक्यात बसत नाही: मूर्ती काही नाही, पण मूर्तीच्या पूजेत भागीदारी नको, आणि दुबळ्या भावाचा विवेकही जपा. मराठी मंडळ्यांत यावर दोन्ही मतं आहेत. जे ठरवाल ते घरच्यांना सणाच्या आदल्या आठवड्यात शांतपणे सांगा. भरल्या ताटावर नको.

ठरवतो आणि पुन्हा पडतो. आपण शिष्य नाहीच, असं वाटतं.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा पेटतो. पहिल्यांदा येशूला पकडून नेल्याच्या रात्री मुख्य याजकाच्या अंगणात, जिथं पेत्र शेकत उभा असतो आणि 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणतो (१८:१७-१८). दुसऱ्यांदा तिबिर्याच्या किनाऱ्यावर, येशूने मासळी भाजायला पेटवलेला (२१:९). त्यासाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. तीन वेळा नाकारलेल्याला तीन वेळा प्रश्न होतो, पण त्याआधी न्याहारी होते. ओरडा नाही, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवलं जातं: माझी मेंढरं चार.

व्यवहारात: त्याच दिवशी एका माणसाला सांगा, उद्यावर ढकलू नका. कॅथलिकांनी पापनिवेदनाला जावं. मग घसरण कुठल्या वेळेला, कुठल्या जागी, कोणाबरोबर झाली ते वहीत लिहा. दारू असेल तर पगाराच्या संध्याकाळी घरी जायचा रस्ता बदला. मोबाइल असेल तर रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा.

रविवारी ड्यूटी असते. उपासना चुकते, ते पाप का?

नर्स, पोलीस, सुरक्षारक्षक, बस चालवणारे यांना हा प्रश्न नेहमीचा. कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. इतरांनी महिन्याचं ड्यूटी चार्ट हातात आल्याबरोबर मोकळे रविवार खूण करून ठेवावेत आणि उरलेल्या आठवड्यांत कॉटेज मीटिंग (कोणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा) गाठावी. येशूने शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, माणसं बरी केली, म्हणून वॉर्डातल्या पेशंटची उशी सरळ करताना मनाला टोचणी लावून घेऊ नका. पण सुट्टीचा रविवार झोपण्यात आणि कपडे धुण्यात गेला तर ती अडचण ड्यूटीची नाही. कपडे शनिवारी धुवा.